एकोणपन्नास लढती आणि एक न झालेली

वाचकहो, शाळेच्या मधल्या सुटीत किंवा संध्याकाळी घराच्या ओट्यावर तुम्ही हा वाद कधी ना कधी घातलाच असेल. डॉन ब्रॅडमन थोर की सचिन तेंडुलकर? ऐन उमेदीतल्या गामाची गाठ ऐन उमेदीतल्या दारासिंगाशी पडली असती तर काय झाले असते? अशा वादाचा निकाल कधीच लागत नाही आणि म्हणूनच त्याची गोडीही कमी होत नाही. एक जण आवाज चढवतो, दुसरा बोटे मोजून आकडे सांगतो आणि घंटा झाली की दोघेही आपापले मत खिशात घालून वर्गात येतात. मुष्टियुद्धाच्या शौकिनांना, त्यातही हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटाच्या शौकिनांना, तर या वादाचे व्यसनच जडलेले असते.

अमेरिकेत एकदा हा वाद कायमचा मिटवून टाकण्याचा घाट घातला गेला. तो एका गणकयंत्राकडे, म्हणजे आजच्या भाषेत कॉम्प्युटरकडे, सोपविण्यात आला आणि यंत्राने निवाडा दिला. तो निवाडा ज्याच्या बाजूने लागला त्या रॉकी मार्सियानोची ही हकीकत आहे. मात्र ती वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे योद्धे समोरासमोर आले तर काय होईल, हा प्रश्न आपणा सर्वांसाठी कल्पनेतला आहे. मार्सियानोपुढे तो आयुष्यात दोनदा साक्षात उभा राहिला. पहिल्या खेपेस तो स्वतः तरुण होता आणि समोरचा उतरणीला लागलेला. दुसऱ्या खेपेस नेमके याच्या उलट.

त्याचे खरे नाव रोक्को फ्रान्सिस मार्केजियानो. जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन या गावी. आईवडील इटलीतून आलेले. ब्रॉक्टन म्हणजे बुटांच्या कारखान्यांचे गाव. वडील पिएरिनो त्याच कारखान्यात राबत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यातून लढताना विषारी वायूने त्यांची प्रकृती बिघडली होती. तरीही घर चालवायचे म्हणून ते रोज कामावर जात. सहा भावंडांत रोक्को थोरला. दीड वर्षाचा असताना त्याला न्यूमोनिया झाला आणि मूल हाती लागते की नाही अशी वेळ आली. पुढे ज्याला कोणी हरवू शकले नाही, त्याच्या आयुष्यातील पहिली लढत ही अशी पाळण्यात झाली.

शाळेत त्याचे लक्ष नव्हते. दहावीच्या सुमारास त्याने शाळा सोडली. पालकांनी येथे दचकू नये आणि विद्यार्थ्यांनी हुरळूनही जाऊ नये. शाळा सोडल्यावर त्याच्या वाट्याला जे आले ते कोणाला हवेसे वाटेल असे नव्हते. मिळेल ती अंगमेहनतीची कामे त्याने केली. वडिलांच्या कारखान्यातही काही काळ काढला. पण तेथील कोंदट हवा आणि कातड्याचा वास त्याला सोसेना. वडील जन्मभर ज्या यंत्रापाशी उभे राहिले त्या यंत्रापाशी आपण उभे राहायचे नाही, एवढी एकच गोष्ट त्याने मनाशी पक्की केली होती. काय करायचे ते मात्र ठरत नव्हते.

त्याचे स्वप्न बेसबॉलचे होते. या खेळात फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा एक गडी असतो. त्याला कॅचर म्हणतात. रोक्कोला तेच व्हायचे होते. १९४७ साली तो मित्रांबरोबर नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिल येथे निवड चाचणीसाठी गेला. तेथे त्याला परत पाठविण्यात आले. कारण असे की त्याचा हात दूरवर जोराने फेक करू शकत नव्हता. पुढे ज्या उजव्या हाताच्या एका ठोशाने जगज्जेतेपद बदलले, तो हात बेसबॉलच्या परीक्षकांनी नापास केला. परीक्षकांचे चुकले असे मात्र मी म्हणणार नाही. फेकणे वेगळे आणि ठोसणे वेगळे.

मुष्टियुद्धाशी त्याची गाठ सैन्यात पडली. १९४३ साली त्याला लष्करात भरती करण्यात आले, काही काळ त्याने इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये काढला आणि युद्ध संपल्यावर छावणीतील हौशी सामन्यांत तो उतरू लागला. व्यवसाय म्हणून त्याने हा खेळ पत्करला तेव्हा तो २४ वर्षांच्या घरात होता. ही उमर फार उशिराची. जो लुई, मुहम्मद अली यांसारखे लोक या वयात जगज्जेते होऊन बसले होते.

वाचकहो, आता त्याच्या शरीराचा हिशेब मांडू, कारण पुढचा सारा वाद याच हिशेबावर उभा आहे. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास. वजन सुमारे १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो. दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत जे माप घेतात त्याला मुष्टियुद्धात फार महत्त्व असते. ते मार्सियानोचे ६८ इंचांच्या आतबाहेर होते. लुईचे ७६ होते आणि अलीचे ७८. याचा अर्थ असा की समोरचा माणूस त्याला दुरून मारू शकत होता आणि तो मात्र समोरच्याला दुरून शिवूही शकत नव्हता. भरीस भर म्हणजे पाय बेढब पडत, तोल जाई, पुष्कळसे ठोसे हवेत जात. न्यूयॉर्कच्या जाणत्या शिक्षकाने अशा माणसाला दारातूनच परत पाठवावे.

चार्ली गोल्डमन या शिक्षकाने तसे केले नाही. गोल्डमन स्वतः जुना मुष्टियोद्धा, ठेंगणा, हातांची हाडे मोडून वाकडी झालेली. त्याने या तरुणात दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे उजव्या हातातील विलक्षण ताकद आणि दुसरी म्हणजे सांगितलेले ऐकण्याची तयारी. मी व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे असेल कदाचित, पण मला या हकीकतीत सर्वांत जास्त गोल्डमन आवडतो. त्याने मार्सियानोला उंच माणसासारखे लढायला शिकविण्याचा खटाटोप केला नाही. उलट त्याला आणखी वाकायला लावले. गुडघे मोडून, डोके खाली घालून पुढे सरकायचे, म्हणजे उंच प्रतिस्पर्ध्याला खाली वाकून मारावे लागते आणि त्याचा ठोसा निम्मा वाया जातो; मग अगदी जवळ जाऊन आखूड हातांनी आखूड ठोसे द्यायचे. जवळच्या लढाईत लांब हात उलट अडचण होतात. नुसताच लटकत राहणारा डावा हातही त्याने कामाला लावला. उजव्या हाताची मूळची चाल मात्र त्याने फारशी बदलली नाही. चांगले आहे ते बिघडेल म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे शहाणपण फार थोड्या शिक्षकांपाशी असते.

मार्सियानो आणि त्याचा बालमित्र ॲली कोलंबो हे ब्रॉक्टनहून न्यूयॉर्कला मालमोटारींवर बसून जात. खिशात पैसा नसे. रोज मैलोन् मैल धावण्याचा त्याचा नेम होता. लढतीच्या आधी तो आठवडेच्या आठवडे घरदार सोडून तालमीच्या छावणीत राही. रिंगणातल्या आरोळ्या देणाऱ्याला मार्केजियानो हे आडनाव नीट उच्चारता येईना म्हणून ते आखूड करून मार्सियानो झाले. पूर्णवेळ व्यवसायाला लागल्यानंतर सुरुवातीच्या बहुतेक लढती शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथे झाल्या आणि कारकिर्दीतील पहिल्या सोळाही प्रतिस्पर्ध्यांना त्याने पाच फेऱ्यांच्या आत बाद केले. ब्रॉक्टनचे कारखान्यातील कामगार त्याच्यावर पैजा लावू लागले. आईला मात्र हा खेळ मनातून कधीच रुचला नाही.

आईचे मन का घाबरत होते, हे ३० डिसेंबर १९४९ च्या रात्री दिसून आले. त्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मार्सियानोची कारमाइन व्हिंगो या तरुणाशी लढत झाली. सहाव्या फेरीत व्हिंगो कोसळला तो बेशुद्धच झाला. त्याला रुग्णालयात हलविले, आणि तो जगतो की मरतो हे कित्येक दिवस कळेना. तो जगला, पण शरीराच्या एका बाजूचा जोर गेला आणि पुन्हा रिंगणात उतरणे त्याच्या नशिबी राहिले नाही. मार्सियानोने त्याच्या उपचारांच्या खर्चाला हातभार लावला आणि पुढे दोघांत स्नेह राहिला. काळाकाळाच्या योद्ध्यांची तुलना करताना आपण जोर, वेग, दमसास असे शब्द सहज वापरतो. व्हिंगोसारख्या माणसाच्या शरीरावर त्या जोराचा अर्थ उमटलेला असतो.

त्यानंतर रोलँड लास्टार्झाशी झालेली पहिली लढत मार्सियानोने पंचांच्या अगदी निसटत्या मताने जिंकली. वर्षदीड वर्ष असेच गेले. आणि मग पहिला प्रसंग उभा राहिला.

जो लुई हा १९३७ पासून १९४९ पर्यंत सलग जगज्जेता होता आणि या काळात त्याने २५ वेळा आपले पद राखले. अमेरिकेतील काळ्या लोकांच्या घरोघरी त्याचे नाव घेतले जाई. १९३८ साली त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत लोळवले, तेव्हा नाझींच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गप्पांना जगासमोर उत्तर मिळाले असे लोकांनी मानले. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला. १९४२ साली दोन लढतींची आपली कमाई त्याने नौदल व सैन्याच्या मदतनिधींना देऊन टाकली. तरीही करखात्याच्या वहीत त्याच्या नावावरची थकबाकी वाढतच गेली. व्याजावर व्याज चढत गेले. निवृत्त झालेल्या लुईला ते देणे फेडण्यासाठी पुन्हा हातमोजे चढवावे लागले. १९५० साली एझर्ड चार्ल्सने त्याला हरवले, तरी तो थांबू शकत नव्हता.

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुईसमोर मार्सियानो उभा राहिला. लुई ३७ वर्षांचा, मार्सियानो २८ चा. लुई हा मार्सियानोचा लहानपणापासूनचा आदर्श. पैजा लुईच्या बाजूने लागलेल्या होत्या. लोकांना जुना लुईच डोळ्यांपुढे दिसत होता. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत त्याचा डावा हात चाललाही. पण उजवा हात, जो एके काळी विजेसारखा येत असे, तो आता येतच नव्हता. आठव्या फेरीत मार्सियानोच्या डाव्या हाताने लुई खाली बसला. तो उठला. मग उजव्या हाताचा ठोसा बसला आणि लुई दोरांमधून रिंगणाच्या कडेला जाऊन पडला. पंचाने आकडे मोजणे सोडून लढत थांबवली.

प्रेक्षकांतील कितीतरी लोक रडत होते. मार्सियानोही रडला. लुईच्या खोलीत जाऊन त्याने अश्रू ढाळले. दोन काळांचे दोन श्रेष्ठ योद्धे समोरासमोर आले होते, निकाल लागला होता, तारीख आणि फेरीसह नोंदला गेला होता. आणि तरीही १९३८ चा लुई आणि १९५१ चा मार्सियानो यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न होता तेथेच राहिला. हे मार्सियानोइतके दुसऱ्या कोणाला कळले नसेल.

जगज्जेतेपदाची लढत २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात झाली. समोर जर्सी जो वॉलकॉट, वय ३८, अतिशय चतुर आणि फसव्या पावलांचा. पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली पाडले. कारकिर्दीत त्याची पाठ प्रथमच जमिनीला लागली. मधल्या काही फेऱ्यांत मार्सियानोच्या डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याला धड दिसेना. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेरावी फेरी सुरू झाली. वॉलकॉट दोरांपाशी सरकला, दोघांचेही उजवे हात एकाच वेळी निघाले आणि मार्सियानोचा हात आधी पोचला. जेमतेम हातभर अंतर कापलेला तो ठोसा होता. वॉलकॉट एक हात दोराला अडकलेल्या अवस्थेत हळूहळू खाली घसरला. दुसऱ्या वर्षी परतीच्या लढतीत तो पहिल्याच फेरीत गेला.

त्यानंतरच्या लढतींची यादी मी येथे देत बसत नाही. दोन मात्र सांगितल्या पाहिजेत. जून १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सने पूर्ण पंधरा फेऱ्या त्याच्यापुढे टिकून दाखविल्या. हे दुसऱ्या कोणालाही जमले नाही. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा लढले तेव्हा मार्सियानोच्या नाकाचा शेंडा असा उभा चिरला गेला की रक्त थांबेना. लढत थांबवली जाणार हे त्याला दिसत होते, म्हणून त्याने घाईने आठव्या फेरीत चार्ल्सला बाद केले. शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५ रोजी आर्ची मूरशी झाली. मूर चाळिशीला टेकलेला. त्यानेही दुसऱ्या फेरीत मार्सियानोला पाडले आणि नवव्या फेरीत स्वतः कायमचा पडला. २७ एप्रिल १९५६ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी मार्सियानोने निवृत्ती जाहीर केली. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतील ४३ प्रतिस्पर्ध्यांना बाद करून. पराभव शून्य, बरोबरीही शून्य.

हा शून्य मोठा हट्टी निघाला. लॅरी होम्स ४८ विजयांपर्यंत पोचला आणि ४९ व्या लढतीत मायकेल स्पिंक्सकडून हरला. तो दिवस २१ सप्टेंबर १९८५ होता, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली होती. फ्लॉइड मेवेदरने २०१७ मध्ये ५० चा आकडा गाठला खरा, पण तो हलक्या गटांतला. आता वादाला बसू या.

मार्सियानोच्या विरुद्ध बोलणाऱ्याचे म्हणणे साधे आहे. लुई ३७ चा, वॉलकॉट ३८ चा, मूर त्याहून थकलेला, चार्ल्सचे बहराचे दिवस सरलेले; मग याने हरविले तरी कोणाला? शिवाय आजच्या नियमाने २०० पौंडांखालचा माणूस हेवीवेट गटात धरला जात नाही. मार्सियानो आज क्रूझरवेट नावाच्या खालच्या गटात मोडला असता. साडेसहा फूट उंचीच्या आणि ११० किलो वजनाच्या आजच्या जगज्जेत्यांच्या छातीपर्यंत तरी तो पोचला असता का?

बाजूने बोलणाऱ्याकडेही उत्तर आहे. समोर जो येतो त्याच्याशीच लढता येते. आणि आकाराचे म्हणाल तर क्रूझरवेट गटातूनच वर आलेल्या युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने २०२४ मध्ये पावणेसात फुटी टायसन फ्युरीला एकदा नव्हे, दोनदा हरविले.

माझे मत विचाराल तर मला या दोघांपेक्षा तिसरेच काही महत्त्वाचे वाटते, आणि ते आहे वॉलकॉटच्या लढतीतील ती तेरावी फेरी. १९८२ साली किम डुक-कू या कोरियन मुष्टियोद्ध्याचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि पुढच्या काही वर्षांत जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या करण्यात आल्या. आजच्या नियमाने १९५२ ची ती लढत बाराव्या फेरीअखेर संपली असती आणि तिन्ही पंचांनी वॉलकॉटचा हात वर केला असता. चिरलेल्या नाकाची ती लढतही आजच्या डॉक्टरने कदाचित पुढे चालू दिली नसती. म्हणजे ज्या शून्यावरून आपण भांडतो, तो शून्यसुद्धा एकट्या मार्सियानोचा नाही. त्यात त्या काळाचे नियम आहेत, पंच आहेत, पंधरा फेऱ्यांचा दम आहे. मार्सियानोला त्याच्या काळातून उपटून आमच्या काळात आणून उभे करायचे म्हटले, तर तेरावी फेरी मागेच राहते. आणि तेरावी फेरी काढून घेतली तर आपण आणलेला माणूस मार्सियानो उरत नाही. उलट बाजूनेही हे खरे आहे. त्याला आजचा आहार, आजची तालीम, आजचे शिक्षक दिले असते तर तो कसा घडला असता हे कोणी सांगावे?

निवृत्तीनंतर अनेकांनी त्याला परत बोलावले, पैसे देऊ केले. तो परतला नाही. लुईचा चेहरा त्याने फार जवळून पाहिला होता. पैशाच्या बाबतीत मात्र तो विचित्र झाला. कमाईचा निम्मा वाटा व्यवस्थापक अल वील घेत असे, त्याचा त्याला राग होता. बँकांवर आणि धनादेशांवर त्याचा विश्वास नसे; रोख हवी, आणि ती कोठे ठेवली हे तो कोणालाच सांगत नसे. पालकबंधूंनो, हे वाचून घरातील कागदपत्रे एकदा पाहून घ्यावीत, कारण पुढे त्याच्या कुटुंबाला त्या पैशाचा मोठा भाग कधी सापडलाच नाही.

आणि आता दुसरा प्रसंग. १९६७ साली मायामीचे मरे वोरोनर नावाचे रेडिओवरील निर्माते यांनी एक कल्पना लढविली. जुन्या-नव्या १६ हेवीवेट जगज्जेत्यांची एक स्पर्धा गणकयंत्रावर घ्यायची. त्यासाठी जाणकारांची आणि पत्रकारांची मते मागविली. प्रत्येक योद्ध्याचा वेग, ठोशाचा जोर, मार सोसण्याची ताकद, जखम होण्याची शक्यता, हिंमत, अशा ५८ बाबींना गुण दिले आणि ते यंत्रात भरले. यंत्राने फेरीमागून फेरी निकाल काढले आणि ते रेडिओवरून खऱ्या लढतीच्या वर्णनासारखे ऐकविण्यात आले. अंतिम लढतीत मार्सियानोने १९२० च्या दशकातील जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत बाद केले.

मुहम्मद अलीला मात्र या यंत्राने जिम जेफ्रीजकडून हरविले. जेफ्रीज हा १८९९ ते १९०५ या काळातील जगज्जेता. तो अजिंक्य राहून निवृत्त झाला होता. पण जॅक जॉन्सन हा काळा माणूस जगज्जेता झाल्यावर गोऱ्या लोकांना ते सहन होईना आणि त्यांनी जेफ्रीजला शेतीवरून ओढून परत आणले. १९१० साली जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत संपविले. प्रत्यक्षात पुढच्या पिढीच्या काळ्या योद्ध्यापुढे न टिकलेला तो जेफ्रीज कागदावर अलीला हरवून गेला. यंत्र खोटे बोलले असे नाही. त्याला माणसांनी आपली मते दिली आणि त्याने तीच मते बेरीज करून परत दिली.

अली भडकला. त्याने दहा लाख डॉलरचा दावा लावला. त्या वेळी अली स्वतः रिंगणाबाहेर होता. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात दाखल होण्यास त्याने एप्रिल १९६७ मध्ये धर्माच्या आणि सदसद्विवेकाच्या कारणाने नकार दिला होता. त्याचे जगज्जेतेपद आणि परवाना दोन्ही काढून घेतले होते आणि खटला चालू होता. पंचविशी ते अठ्ठाविशी, म्हणजे मुष्टियोद्ध्याची सोन्यासारखी वर्षे, त्याला कोर्टात आणि व्याख्यानांत घालवावी लागत होती. दावा आपसांत मिटला तो असा की अलीने मार्सियानोबरोबर एका चित्रपटात लढायचे आणि निकाल पुन्हा यंत्राने द्यायचा.

१९६९ साली मायामीतील एका बंद दालनात दोघे समोरासमोर आले. अली २७ चा, मार्सियानो ४५ चा. मार्सियानोने त्यासाठी सुमारे ५० पौंड वजन उतरविले आणि विरळ झालेल्या केसांवर टोप चढविला. एकेका मिनिटाच्या सुमारे ७० फेऱ्या चित्रित झाल्या. ठोसे बेताने, पण काही खरेच लागत. शेवट निरनिराळे चित्रित करून ठेवले; अली पडतो आहे, मार्सियानो पडतो आहे, जखमेमुळे लढत थांबते आहे. यंत्र काय म्हणणार हे दोघांपैकी कोणालाही सांगितले नव्हते. एकाला वयामुळे लढता येत नव्हते आणि दुसऱ्याला सरकारमुळे. त्या दिवसांत दोघांत चांगला स्नेह जुळला.

३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री एक छोटे विमान आयोवा राज्यातील न्यूटन गावाजवळ एका झाडावर आदळून कोसळले. त्यात मार्सियानो होता. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता.

चित्रपट २० जानेवारी १९७० रोजी शेकडो चित्रपटगृहांत एकाच रात्री दाखविण्यात आला. अमेरिकेतील प्रेक्षकांना जो शेवट दाखविला त्यात तेराव्या फेरीत अली खाली पडतो आणि मार्सियानो जिंकतो. वॉलकॉटच्या वेळी होती तीच तेरावी फेरी. सैन्यात जाण्यास नकार देणाऱ्या अलीला पडताना पाहण्याची हौस त्या वर्षी अमेरिकेत पुष्कळांना होती, हे त्या निकालाकडे पाहताना विसरून चालणार नाही.

अलीला परवाना परत मिळून तो रिंगणात उतरला तो २६ ऑक्टोबर १९७० रोजी, लुई दोरांबाहेर पडला होता त्याच तारखेस, एकोणीस वर्षांनी. पुढे २ ऑक्टोबर १९८० रोजी, वयाच्या ३८ व्या वर्षी, तो लॅरी होम्सपुढे उभा राहिला. होम्स पूर्वी त्याच्याच तालमीत सरावाचा जोडीदार होता. दहाव्या फेरीनंतर अलीला उठू दिले नाही.

ब्रॉक्टनच्या ज्या शाळेतून रोक्को दहावीत बाहेर पडला, त्या शाळेच्या क्रीडांगणाला आज त्याचेच नाव आहे. २०१२ साली तेथे त्याचा काशाचा पुतळा उभारण्यात आला. पुतळ्यात त्याचा उजवा हात पुढे आहे, वॉलकॉटला तेराव्या फेरीत मारला तोच ठोसा.